बोटीवरची आग आणि जहाजावरची आग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे, घर दिवाळे कोळीवाड्यात, काकांची मच्छीमारी बोट आहे. त्यामुळे दोन्हीकडून प्रश्न येतात, जेटीवरच्या खलाशांकडून पण आणि नेरूळ-बेलापूरला कोर्स करणाऱ्या पोरांकडून पण. तेच तेच सांगून झालं म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

आग ती आगच ना, मग बोटीची वेगळी आणि जहाजाची वेगळी असं काय आहे?

जळणं सेम आहे. फरक दोनच गोष्टींचा, हातात वेळ किती आणि मागे सरकायला जागा किती. जहाजावर इंजिन रूम पेटली तर माणसं बाहेर येतात, दार लावतात आणि दाराच्या अलीकडे उभं राहून विचार करू शकतात, कारण भिंती स्टीलच्या असतात आणि महत्त्वाच्या ठिकाणी ए-६० दर्जाच्या. म्हणजे एका बाजूला आग धडाडत असली तरी ६० मिनिटं ती भिंत ज्वाळा-धूर पलीकडे येऊ देत नाही आणि दुसऱ्या बाजूचं सरासरी तापमान १४० अंशांपेक्षा जास्त वाढू देत नाही. आपल्या बोटीत केबिनच्या खाली इंजिन, इंजिनला खेटून डिझेलची टाकी, वर शेगडी, मागे जाळ्यांचा ढीग, आणि हे सगळं बसवलंय कशात तर लाकडात किंवा फायबरमध्ये. फायबर म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन, आणि रेझिन हे स्वतःच जळण आहे. मासळी ठेवायच्या खणाच्या भिंतीतलं थर्माकोल किंवा फोम पेटला की त्याचा काळा धूर निघतो तो वेगळाच, त्याचे दोन-चार श्वास घेतले तरी माणूस बसतो.

म्हणजे जहाजावर आगीला कोंडता येतं. बोटीवर ती आणि तुम्ही एकाच खोलीत असता.

इंजिनच्या फळीखालून धूर यायला लागला. पहिलं काय करायचं?

फळी उचलायची नाही. हे मी किती वेळा सांगितलं असेल, तरी प्रत्येकाचा हात पहिला तिकडेच जातो, बघू तरी काय झालंय म्हणून. आत हवा कमी पडल्यामुळे आग गुदमरलेली असते, फळी उचलली की तिला पाहिजे ती हवा एकदम मिळते आणि ज्वाळा सरळ तोंडावर येते.

आता क्रम सांगतो. आधी ओरडून सगळ्यांना उठवा आणि लाइफ जॅकेट घालायला लावा, आग छोटी वाटली तरी, कारण नंतर जॅकेट ज्या केबिनमध्ये आहेत तीच पेटलेली असते. मग बोट वळवा. इंजिन बहुतेक मागे असतं, तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याच्या तोंडावर घ्यायची म्हणजे धूर आणि ज्वाळा मागच्या मागे जातात आणि माणसांना पुढे उभं राहायला जागा मिळते. आग पुढे असेल तर उलटं, पाठ वाऱ्याला. वळवून झालं की इंजिन बंद. आधी बंद केलंत तर वळवणार कशाने, आणि चालू ठेवलंत तर इंजिन हवा ओढत राहतं आणि तुम्ही आत मारलेली आग विझवायची पावडर पण त्याच हवेबरोबर खेचून बाहेर टाकतं. मग डिझेलचा कॉक बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद. हे दोन्ही इंजिनच्या फळीखाली असतील तर त्यांचा उपयोग शून्य, ते बाहेरून हाताला येतील असे बसवून घ्या, कुठलाही चांगला मेकॅनिक करून देतो.

आणि अजून एक काम आहे जे जवळपास कोणीच करत नाही. इंजिनच्या झाकणाला एक छोटं गोल भोक पाडून घ्यायचं, आग विझवायच्या बाटल्याचं नोझल जाईल एवढं, आणि त्याला बूच लावून ठेवायचं. आग लागली की बूच काढा, नोझल आत घाला, पूर्ण बाटला रिकामा करा, बूच परत लावा आणि थांबा. झाकणाला हात लावायचा नाही. गरम पत्र्याला डिझेल लागलेलं असतं, पावडरने ज्वाळा मरते पण पत्रा थंड होत नाही, त्यामुळे लगेच उघडलं तर परत पेटते. काकांच्या बोटीत हे भोक आहे. ते पाडताना त्यांनी मला अर्धा तास ऐकवलं की चांगल्या झाकणाची वाट लावली, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच दाखवतात.

पाणी तर चारी बाजूंना आहे, बादलीने मारलं तर काय होतं?

जाळी, दोर, गादी, कपडे, लाकूड पेटलं असेल तर पाणीच मारा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डिझेल किंवा तळणाचं तेल पेटलं असेल तर नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं, तुम्ही बादली ओतली की पेटतं डिझेल तळातल्या पाण्यावर पसरून बोटभर फिरतं. आणि उकळत्या तेलात पाणी पडलं तर त्याची वाफ होताना जागा साधारण १,७०० पट वाढते, ती वाफ तेल घेऊन वर उडते. कढईला झाकण घाला, शेगडी बंद करा.

कोणता बाटला घ्यायचा आणि किती?

एबीसी पावडर, म्हणजे लाकूड-कापड, तेल आणि गॅस तिन्ही आगींना चालणारी. मोठ्या मच्छीमारी बोटीला ६ किलोचे दोन घ्या, एक केबिनच्या दाराबाहेर आणि एक नाळीकडे. खाडीतल्या छोट्या होडीला आऊटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं) मशीन असेल तर २ किलोचा पण चालेल, फक्त तो पेट्रोलच्या कॅनला चिकटून ठेवू नका. आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ लिहिलंय का बघा, रस्त्यावर मिळणाऱ्या स्प्रेच्या डब्यांवर भरवसा ठेवू नका.

२ किलोचा बाटला आठ-दहा सेकंदांत संपतो. सहा किलोचा त्याच्यापेक्षा थोडा जास्त, पण पाव मिनिटाच्या आसपासच. म्हणजे शोधत बसायला, वाचायला, पिन कुठे आहे विचारायला वेळ नाही. पिन ओढा, ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाला नेम धरा, दांडा दाबा, डावी-उजवीकडे झाडा. इंजिनच्या थरथरीने पावडर खाली बसून घट्ट होते म्हणून महिन्यातून एकदा बाटला उलटा करून हलवा, प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, आणि खाऱ्या हवेने बाटल्याचं बुड गंजलंय का ते पण. बुड गंजलेला बाटला प्रेशरखाली असतो, तो आगीआधी तुमचाच पाय घेऊन जाईल.

सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) बाटला उघड्या डेकसाठी घेऊ नका, गॅस वाऱ्याने उडून जातो.

स्वयंपाकाच्या गॅसचं काय? सगळ्याच बोटींवर आहे.

आहे, आणि पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहणाऱ्या उत्तनच्या बोटींना त्याच्याशिवाय जमणार पण नाही. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी-दारातून निघून तरी जातो, बोटीत तो खाली उतरून तळात साचतो आणि तिथून बाहेर पडायला वाटच नसते. मग कोणीतरी सेल्फ मारतो आणि एका ठिणगीत काम होतं. पेट्रोलची वाफ पण अशीच जड. डिझेलचं बरं म्हणतात, पण जहाजावर ६० अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) असलेलं इंधन साधारणपणे चालत नाही आणि आपल्या पंपावरच्या डिझेलची मर्यादा ३५ अंशांपासून सुरू होते. मे महिन्यात बंद इंजिनच्या खोलीत ३५ अंश म्हणजे काहीच नाही.

सिलिंडर केबिनच्या बाहेर, डेकवर, उभा, दोराने बांधलेला. सुटायला सोपी गाठ मारा. घरगुती १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर सुद्धा पाण्यात तरंगतो, त्यामुळे जवळ आग आली तर वेळीच सोडून पाण्यात ढकलता येतो, पण तो स्वतः ज्वाळेत बराच वेळ तापला असेल तर त्याच्या जवळ जायचं नाही. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण नाही, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद. नळी दर सीझनला बदला, खाऱ्या हवेत ती दिसते चांगली आणि वाकवली की तडे दिसतात. आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी फळी उघडून वास घ्या, दोन मिनिटं उघडी ठेवा. (हो, इथे फळी उघडायची. आग नसताना.)

मग जहाजावर आग लागली की नेमकं काय काय होतं?

अलार्म वाजतो, सगळे मस्टर स्टेशनला (जमायच्या ठरलेल्या जागी), आणि पहिलं काम मोजणी. एक माणूस कमी भरला तर पुढची सगळी गणितं बदलतात. नंतर एक टीम बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या बाटल्याचा मास्क) घालून आत जायची तयारी करते, एक टीम बाहेरून भिंती थंड करते, इंजिनवाले पंखे बंद करतात, डॅम्पर (हवेच्या वाटांच्या झडपा) लावतात आणि बाहेरूनच तार ओढून इंधनाच्या टाक्यांचे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह (इंधन झटक्यात तोडणारे कॉक) पाडतात. मुख्य पंप इंजिन रूममध्येच अडकले असतील म्हणून इमर्जन्सी फायर पंप वेगळ्या जागी असतो, मालवाहू जहाजावर तासाला कमीत कमी २५ घनमीटर पाणी देणारा.

भिंती थंड करणं लोकांना फालतू काम वाटतं. पण स्टील उष्णता पुढे देतं, त्यामुळे खोलीच्या सहाही बाजू बघाव्या लागतात, चार भिंती, वरचा डेक आणि खाली. पलीकडच्या स्टोअरमध्ये भिंतीला टेकून ठेवलेले रंगाचे डबे ज्वाळा न लागताच पेटू शकतात. होज (पाण्याचा पाइप) मारल्यावर पाण्याची लगेच वाफ होते का, रंगाचे फोड येतायत का, यावरून आग कुठे सरकतेय ते कळतं.

बीए सेटमध्ये हवा किमान ३० मिनिटांची धरलेली असते. पण भीतीने आणि मेहनतीने माणूस धापा टाकतो, मग ती आधीच संपते.

सीओटू सोडायला कॅप्टन एवढा वेळ का लावतो? लगेच सोडून टाकायचा ना?

कारण सीओटू गॅस माणसं पण मारतो. मशिनरीच्या जागेसाठी गॅसचं प्रमाण साधारण जागेच्या ३५ ते ४० टक्के काढलेलं असतं आणि ८५ टक्के गॅस २ मिनिटांत आत पोचला पाहिजे असा नियम आहे. त्या हवेत माणूस टिकत नाही. म्हणून मोजणी पूर्ण झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि हा बार एकदाच उडतो. डॅम्पर उघडा राहिला आणि गॅस निघून गेला तर परत मारायला काही नाही. सोडल्यावर तासन् तास उघडायचं नाही, बाहेरून भिंती गार होताना बघत राहायचं. घाई करून दार उघडल्यामुळे परत पेटलेली इंजिन रूम हा कोर्समधला ठरलेला धडा आहे.

उलट उशीर पण परवडत नाही, आग वाढली की दारं-झडपा वाकतात आणि मग खोली सील होत नाही. माझं स्वतःचं मत असं की मोजणी झाली आणि पहिल्या टीमला आग सापडत नसेल तर हिरोगिरी न करता बाहेर या आणि सोडा.

मोठ्या जहाजावर पंप आहेत, समुद्र आहे, मग हवं तेवढं पाणी का नाही मारत?

जहाज उलटं होईल म्हणून. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि ते वरच्या डेकवर साचून इकडून तिकडे वाहायला लागलं की जहाजाचा तोल जातो. १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला धक्क्याला बांधलेलं नॉर्मंडी हे प्रचंड प्रवासी जहाज वेल्डिंगच्या ठिणगीने पेटलं, आग विझवायला इतकं पाणी मारलं की ते तिथेच आडवं झालं. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात आयएनएस ब्रह्मपुत्रावर आग लागली, सकाळपर्यंत ती आटोक्यात आली आणि त्याच दुपारी युद्धनौका डाव्या बाजूला कलंडली. म्हणून पाणी किती गेलं आणि किती बाहेर काढलं याचा हिशोब आग चालू असतानाच ठेवावा लागतो.

बोटीला पण हेच लागू आहे, फक्त तिथे आग आधी पोचते.

कंटेनर जहाज आठवडेच्या आठवडे का जळत राहतं?

९ जून २०२५ ला वान हाय ५०३ केरळच्या किनाऱ्यासमोर पेटलं, कोलंबोहून आपल्या न्हावा शेवालाच येत होतं. जहाजावर २२ माणसं, त्यातली १८ वाचली, ४ सापडली नाहीत, आणि जहाज पुढे कितीतरी दिवस धुमसत होतं. आता विचार करा, अडीचशे मीटरच्या वर लांबीचं जहाज आणि माणसं २२. त्यातली होज धरायला मोकळी किती? आग बंद पेटीच्या आत, पेटी थप्पीच्या मध्ये, थप्पी डेकच्या खाली. पाणी आत पोचतच नाही, बाहेरून पत्रा भिजतो. वर आत काय आहे ते कागदावर खरं लिहिलेलं असेलच असं नाही, लाकडी कोळसा, बॅटऱ्या, केमिकल दुसऱ्या नावाने पाठवणारे आहेतच. स्वतःहून पेटण्याच्या प्रकारांमुळे लाकडी कोळशाच्या समुद्री वाहतुकीचे नियम जानेवारी २०२६ पासून कडक केले गेले.

२०२१ चं एक्स-प्रेस पर्ल पण आठवत असेल, कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळत होतं, कोलंबोसमोर जळालं आणि शेवटी बुडालं.

एप्रिलमध्ये फायर ब्रिगेडवाले सप्ताह करतात, त्याचा जहाजाशी संबंध आहे म्हणतात?

आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन या जहाजात कापसाच्या गासड्या पेटल्या आणि त्याच जहाजात शेकडो टन स्फोटकं होती. दुपारपासून पाणी मारत होते पण आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते सापडत नव्हतं, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला. ६६ फायरमन गेले, एकूण माणसं शेकड्यांनी. कापूस आतल्या आत धुमसतो, वरून ओला दिसतो.

पावसाळी बंदीत बोटी काठावर असतात, तेव्हा तर धोका नाही ना?

मला विचाराल तर तेव्हाच जास्त. १ जून ते ३१ जुलै बोटी ओढून एकमेकींना खेटून ठेवलेल्या असतात, वर ताडपत्री, आणि डागडुजी चालू. एकीकडे वेल्डिंग, दोन फुटांवर दुसरा थिनर लावून ब्रश धुतोय. जहाजावर वेल्डिंग करायचं तर हॉट वर्क परमिट लागतं, एक माणूस फक्त बाटला घेऊन उभा असतो आणि काम संपल्यावर पण तिथे थांबतो. हा नियम कोळीवाड्यात आणायला एक पैसा लागत नाही.

फायबरचं काम करणाऱ्यांनी तर नीट वाचा. रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आधी घालून पूर्ण ढवळायचं आणि हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत सरळ कधीच ओतायचे नाहीत, ते तिथल्या तिथे भडकतं. दोघांना मापायला एकच बाटलीचं झाकण वापरतात, ते पण बंद करा. उरलेलं रेझिन डब्यात तापतं, तो डबा उघड्यावर ठेवा, ताडपत्रीखाली नको.

आणि सुकतीला (ओहोटीला) लागलेली आग विसरू नका. पाणी लांब गेलेलं, मध्ये गुडघाभर चिखल, गल्लीतून बंब आत येत नाही. तेव्हा शेजारच्या बोटींचे दोर कापून त्या बाजूला करणं पण शक्य नसतं कारण त्या चिखलात बसलेल्या. जेटीवर पाण्याचा एक भरलेला ड्रम आणि डिझेल पंप ठेवायची मागणी चेंदणीपासून सारसोळेपर्यंत सगळ्या कोळीवाड्यांनी आपापल्या मच्छीमार सोसायटीकडे लावून धरायला पाहिजे.

बोट सोडायची कधी?

बाटला संपला आणि आग आहे, तर निघा. दुसरा बाटला असेल तर तो बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायला. नाखव्याला (बोटीच्या मालकाला) हे सगळ्यात जड जातं, बोटीवर कर्ज असतं, मला कळतं. पण फोन आग भडकायच्या आधी करायचा, नंतर नाही, धूर दिसला की लगेच. समुद्रात कोस्ट गार्डचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, वायरलेसवर चॅनेल १६. जागा सांगताना जीपीएसचे आकडे आधी, बाकीची कहाणी नंतर.

उडी मारताना वारा जिकडून येतोय त्या बाजूने मारा, कारण जळती बोट आणि पाण्यावरचं पेटतं डिझेल वाऱ्याबरोबर दुसरीकडे सरकतं. सगळे एकत्र राहा, एखादा थर्माकोल किंवा रिकामा कॅन धरा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अलिबागजवळ मच्छीमारी बोट पेटली तेव्हा खलाशी वाचले, बोट गेली.

जहाजावर उलटं आहे. तिथे शेवटपर्यंत जहाजच सगळ्यात सुरक्षित लाइफबोट मानतात.

फायर फायटिंगच्या कोर्सची भीती वाटते, काय करून घेतात?

धुराच्या खोलीत अंधारात रांगायला लावतात, होज धरायला लावतात, खरी आग विझवायला देतात. भिंत चाचपताना हाताची पालथी बाजू वापरायची, तळवा नाही, कारण करंट लागला तर मूठ आवळली जाते आणि वायर सुटत नाही. मन लावून करा, सर्टिफिकेटसाठी करू नका. दर पाच वर्षांनी रिफ्रेशर असतोच आणि जहाजावर महिन्याला किमान एक ड्रिल. त्या ड्रिलला चहा पीत उभे राहणारे सिनियर दिसतील, त्यांच्याकडे बघू नका.

रात्री सगळे झोपलेले असतात, तेव्हा?

२ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाची डायव्हिंग बोट रात्री पेटली, खाली झोपलेले ३४ जण गेले. जागं राहून फेरी मारणारा माणूसच ठेवलेला नव्हता, आणि त्यासाठी कॅप्टनला शिक्षा झाली. तेव्हा पाळी लावा, नांगरावर असलात तरी. बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म केबिनच्या छताला आणि एक इंजिनच्या जागेत लावा. इंजिनच्या आवाजात तो ऐकू येतो का ते इंजिन चालू ठेवूनच तपासा. मोबाईल आणि पॉवर बँक रात्रभर गादीवर चार्जिंगला ठेवू नका. लिथियम बॅटरी फुगायला लागली तर पावडर मारून उपयोग नाही, चिमट्याने उचलून पाण्याने भरलेल्या बादलीत टाका आणि बादली डेकवर वारा जिकडे जातोय त्या बाजूला ठेवा.